घरगुती गणित : सारखें म्हणजे किती सारखें ?

एक दशांश आणि दोन दशांश मिळून तीन दशांश होतात, हें प्राथमिक शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु हाच प्रश्न एकदां संगणकास घालून पाहावा. ज्या घरांत संगणक आहे (आणि हल्लीं आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं तो नसेल) तेथें एखाद्या नातवास किंवा भाचीस जवळ बसवून, पायथॉन अथवा जावास्क्रिप्ट या भाषेंत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर आहे काय, असें विचारावयास सांगावें. यंत्र बेधडक ‘नाहीं’ म्हणून सांगतें. मग बेरीज तरी किती झाली, असें विचारलें तर तें ०.३०००००००००००००००४ असा आंकडा छापतें. तिनापुढें पंधरा शून्यें आणि मग चार!

यंत्र बिघडलेलें नसतें. जगांतील बहुतेक सर्व संगणक हेंच उत्तर देतात, आणि तें तसें देतात यांत त्यांची शिस्तच दिसून येते. दोष असलाच तर तो विचारणाराच्या अपेक्षेंत आहे. तो कसा, हें समजून घेणें प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना तर अवश्य आहेच. परंतु ज्यांच्या घरचे, संस्थेचे, पतपेढीचे हिशेब असे प्रोग्रॅम तपासतात, त्या वडीलधाऱ्या मंडळींनाही आज तें अवश्य झालें आहे.

आपल्या दशमान पद्धतींत एक तृतीयांश कधींच पुरा लिहितां येत नाहीं. ०.३३३ असें कितीही लांबविलें तरी शेपूट उरतेंच. दहाचे अवयव दोन आणि पांच. ज्या अपूर्णांकाच्या छेदांत या दोहोंखेरीज तिसरा मूळ अवयव शिरतो, तो दशांशांत संपत नाहीं, हा नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. संगणक दहांनीं मोजीत नाहीं, दोहोंनीं मोजतो. त्याच्यापाशीं पांच हा अवयवच नाहीं. त्यामुळें जो एक दशांश आपणांस अगदीं सुटसुटीत वाटतो, तो त्याच्या द्विमान लिपींत ०.०००११००११००११ असा अखंड चालूच राहतो. आपण जशी एक तृतीयांशाची शेपटी कोठेंतरी तोडतों, तशी तोही एक दशांशाची तोडतो. तोडलेल्या दोन तुकड्यांची बेरीज आणि स्वतंत्रपणें तोडलेला तीन दशांश यांची गांठ पडत नाहीं, इतकाच या चमत्काराचा अर्थ.

येथें एक मौज आमच्या ध्यानांत आली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढीनें जीं मापें वापरलीं तीं संगणकास फार मानवलीं असतीं. दोन नेळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. सारा कारभार दुपटीचा ! एक नेळवें म्हणजे पायलीचा चौसष्टावा भाग, आणि तो द्विमान पद्धतींत एका अंकांत पुरा लिहितां येतो. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे जे पाढे जुन्या पंतोजींनीं छड्या मारून घोटून घेतले, त्यांतील एकूण एक अपूर्णांक संगणकास बिनचूक येतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे आणा सोळावा आणि पैसा चौसष्टावा भाग, तेही बिनचूक. खोडा घातला तो एकट्या पैनें; कारण रुपयाच्या पया १९२, आणि १९२ मध्यें तीन हा अवयव लपलेला आहे. पुढें १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसांचा हिशेब त्यानें निःसंशय सोपा केला. परंतु शंभरांतील शहाण्णव रकमा पुढें येऊं घातलेल्या यंत्रांस अवघड करून ठेवल्या. रुपयाच्या आंतील रकमांपैकीं पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे एवढ्या तीनच त्याला नेमक्या लिहितां येतात. एक रुपया दहा पैसे ही रक्कम संगणकाच्या पोटांत नेमकी कधींच नसते. तिच्या अगदीं शेजारची दुसरी एखादी रक्कम असते.

शेजारची म्हणजे किती शेजारची, हें आतां पाहूं. संगणकांतील या संख्यांस ‘फ्लोटिंग पॉइंट’ असें म्हणतात. आपण त्यांस सरकत्या बिंदूच्या संख्या म्हणूं. मोजके सार्थ अंक एका खणांत आणि बिंदु कोठें द्यावयाचा ती खूण दुसऱ्या खणांत, अशी ती व्यवस्था आहे. त्यामुळें परमाणूची त्रिज्या आणि सूर्याचें अंतर हीं दोन्ही एकाच आकाराच्या पेटींत मावतात. एके काळीं प्रत्येक कारखानदाराच्या यंत्रांत ही पेटी निराळी असे. आपल्या मुंबईंतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक सिद्ध झाला आणि ज्यास पुढें टिफ्रॅक हें नांव मिळालें, त्याची एकेक पेटी ४० द्विमान अंकांची होती. यंत्रागणिक उत्तरें निराळीं येऊं लागल्यामुळें अखेर १९८५ सालीं आय-ट्रिपल-ई संस्थेनें ७५४ क्रमांकाचें प्रमाण ठरविलें. त्यामागें कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम कहान यांचा मुख्य हात होता, आणि त्यांस १९८९ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. या प्रमाणाच्या ६४ अंकी पेटींत सार्थ द्विमान अंक ५३ असतात. दशमानांत सांगावयाचें तर पंधरा-सोळा अंकांपर्यंत भरंवसा धरावा, त्यापुढें धरूं नये.

आतां या पेटीची एक गोष्ट पुष्कळ जाणत्यांच्याही ध्यानांत येत नाहीं, ती ही कीं तिच्यांतील संख्या फूटपट्टीवरील रेघांप्रमाणें समान अंतरावर बसलेल्या नाहींत. संख्या लहान तेथें त्या दाट, मोठी तेथें विरळ. एकाच्या लगतची पुढची संख्या एकाहून सुमारें ०.०००००००००००००००२२ इतकी मोठी आहे. परंतु ९४ हजारांच्या आसपास दोन शेजाऱ्यांतील अंतर त्याच्या बरोबर ६५,५३६ पट होतें. आणि ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ या संख्येपुढें तर सम तेवढे पूर्णांक लिहितां येतात, विषमांना जागाच नाहीं.

एवढ्या सूक्ष्म अंतरानें कोणाचें काय बिघडणार, असें वाचक म्हणतील. नुसत्या बेरजेनें बहुधा कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें ‘बरोबर आहे काय ?’ असें यंत्रास विचारल्यावर. कारण या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘नाहीं’ एवढींच उत्तरें असतात आणि केसाएवढें अंतर असलें तरी यंत्र ‘नाहीं’ म्हणतें.

आम्ही अँटॉप हिलवर ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेंत राहतों तेथें गेल्या वर्षीं असेंच झालें. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास असलेल्या एका होतकरू मुलानें संस्थेच्या मासिक हिशेबाचा ताळा पाहण्यासाठीं एक प्रोग्रॅम मोठ्या हौसेनें लिहून दिला. सभासदनिहाय वसुलीची बेरीज एका बाजूस, जमेची एकूण रक्कम दुसऱ्या बाजूस. दोन्ही बरोबर असल्यास ‘जुळतें’, नसल्यास ‘जुळत नाहीं’. पहिल्या सहा महिन्यांपैकीं चार महिने यंत्रानें ‘जुळत नाहीं’ असें छापलें. हिशेब लिहिणारे गृहस्थ बँकेंतून निवृत्त झालेले, चौदा वर्षें नाममात्र मानधनावर हें काम करणारे. कमिटीच्या सभेंत एका सभासदानें त्यांच्या तोंडावर म्हटलें कीं, माणूस खोटें बोलेल, मशीन बोलणार नाहीं. सभेच्या वृत्तांतांत ‘हिशेबांत तफावत आढळली’ असें वाक्यही लिहिलें गेलें. ते गृहस्थ दुसरे दिवशीं सकाळीं चोपड्या काखेंत मारून आमच्याकडे आले. रात्रभर त्यांनीं तीन वेळां बेरजा केल्या होत्या.

आम्हीं छापील कागद पाहिला. दोन्ही बाजूंस तीच रक्कम, पैशापर्यंत तीच, आणि तिच्याखालीं ‘जुळत नाहीं’ ! डोळ्यांपुढें समान आंकडे असतांना सात सुशिक्षित माणसांनीं आंकडे सोडून त्याखालच्या दोन शब्दांवर विश्वास ठेवावा, याचें आम्हांस अजूनही नवल वाटतें. मुलास बोलावून म्हटलें, “अरे, फरक नेमका किती तो तरी छापून दाखव. दोन दशांश स्थळांवर तोडूं नकोस, असेल तेवढा सगळा दाखव.” त्यानें तसें केलें. रक्कम ९४ हजार कांहीं शें रुपये होती, आणि फरक निघाला ०.००००००००००१४५ रुपयाचा. दशांशचिन्हापुढें दहा शून्यें ! वर सांगितलेल्या दाट-विरळ रेघांपैकीं ९४ हजारांजवळच्या दोन रेघांतील अंतर तेवढेंच आहे. दोन बेरजा लगतच्या दोन रेघांवर जाऊन बसल्या होत्या, एवढाच तो अपहार.

मुलगा खजील होऊन म्हणाला, “आजोबा, मग एक रुपयापर्यंत फरक चालेल असें टाकतों.” आम्हीं त्यास हात जोडले. हाच सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. एक रुपयाची सूट ठेवली म्हणजे यंत्राची कुरकुर थांबेल हें खरें. परंतु खरोखर कोणीं महिन्यास नव्वद पैसे उचलले तरी यंत्र ‘जुळतें’ म्हणेल. निर्दोष माणसास सोडविण्याकरितां दोषी माणसास वाट करून देणें हा कांहीं हिशेब नव्हे.

पैसा ही मोजावयाची वस्तु आहे, मापावयाची नव्हे. ती अर्धीमुर्धी नसते. तेव्हां रुपयांत दशांशचिन्ह ठेवण्याऐवजीं सर्व रकमा पैशांत, पूर्णांकांत लिहाव्या : चौऱ्याण्णव हजार रुपये म्हणजे चौऱ्याण्णव लक्ष पैसे. पूर्णांकांची बेरीज संगणक वर सांगितलेल्या अवाढव्य मर्यादेपर्यंत बिनचूक करतो, आणि तेथें ‘बरोबर आहे काय ?’ हा प्रश्न निःशंकपणें विचारावा. मुलानें त्याप्रमाणें बदल केला आणि चारांपैकीं तीन महिने तत्काळ जुळले. चौथ्यांत एक पैशाचा फरक राहिला, तो खराच होता : दुरुस्तीचा खर्च तीन जिन्यांत सारखा वांटतांना शंभर रुपयांचे ३३ रुपये ३३ पैसे असे तीन भाग केले होते, आणि उरलेला एक पैसा कोणाच्याच नांवें लिहिला नव्हता. असा पैसा कोणावर घालावयाचा तें आधींच ठरवून ठेवलें पाहिजे. तो क्षम्य म्हणून सोडूं नये. संस्थेच्या वृत्तांतांतील तें वाक्य रद्द होण्यास मात्र पुढची सभा यावी लागली, आणि ते गृहस्थ हिशेब पुन्हां हातीं घेण्यास अद्याप तयार नाहींत.

घरगुती उदाहरण म्हणून कोणी हसेल. परंतु या एक दशांशाच्या तोडलेल्या शेपटीनें माणसेंही मारलीं आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं आखाती युद्धांत सौदी अरबस्तानांतील दाहरान येथें इराकी क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलें आणि २८ सैनिक ठार झालें. त्यास अडविणारी पॅट्रिअट तोफमाळ काळ मोजी ती दशांश सेकंदांत, आणि तो एक दशांश तिच्या २४ द्विमान अंकांच्या खणांत तोडून ठेवलेला. यंत्र सुमारें शंभर तास सतत चालू होतें. तेवढ्या अवधींत घड्याळांत सेकंदाच्या एक तृतीयांशाइतका फरक सांठला, आणि तेवढ्या वेळांत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें गेलेलें असतें. यंत्रानें पाहिलें तें आकाशाच्या भलत्याच जागीं.

आतां ज्या वस्तु मोजतां येत नाहींत, मापाव्याच लागतात, त्यांचें काय करावें ? लांबी, वजन, काळ, कोन यांस पैशासारखा अविभाज्य कण नाहीं. तेथें नेमक्या समतेची मागणीच गैर आहे. ‘किती अंतर क्षम्य?’ असेंच विचारलें पाहिजे. आपल्या पूर्वाचार्यांस हें पक्कें ठाऊक होतें. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला, आणि त्यासच ‘आसन्न’ हें विशेषण लावलें. आसन्न म्हणजे जवळ जाऊन बसलेला. तोच, असें नव्हे. पुढें भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत दोन मानें दिलीं : ३९२७ भागिलें १२५० हें सूक्ष्म आणि २२ भागिलें ७ हें स्थूल, व्यवहारास पुरेसें. सात हात व्यासाच्या विहिरीस स्थूल मानानें बावीस हात परिघ येतो. सूक्ष्म मानानें तो जेवढा कमी भरतो तें अंतर अंगुळाच्या पांचव्या भागाएवढें आहे. गवंड्यास तें दिसणारही नाहीं; ज्योतिष्यास तें खपणार नाहीं. दोन्ही मानें एकाच ग्रंथांत, एकाच आचार्यांनीं दिलेलीं आहेत. कोणतें घ्यावयाचें तें कामावर सोपविलें आहे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याचा जो शिलालेख आहे, तो मुंबईच्याच डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रकाशांत आणला. आज प्रोग्रॅम लिहिण्यास शिकविणाऱ्या वर्गांत ही स्थूल-सूक्ष्माची चर्चा पहिल्याच दिवशीं व्हावी, असें आमचें मत आहे.

ती होत नाहीं म्हणून मुलें काय करतात, तर संदर्भपुस्तकांत ‘एप्सिलॉन’ म्हणून जी एकाजवळच्या दोन रेघांतील अंतराची संख्या दिलेली असते तीच सरसकट क्षम्य अंतर म्हणून वापरतात. ती एकाजवळ ठीक. परंतु ९४ हजारांजवळ लगतच्या दोन रेघाच तिच्या ६५,५३६ पट दूर आहेत, तेव्हां तेथें ही सूट दिली काय आणि न दिली काय, सारखेंच. दुसरीं कांहीं मुलें ०.००००१ अशी ढोबळ सूट ठेवतात. मीटरांत मोजलें तर माणसाच्या रक्तांतील तांबडी पेशी एवढ्या सुटींत बुडून जाते, आणि हायड्रोजनचा परमाणुही बुडतो; म्हणजे तो प्रोग्रॅम रक्तपेशी आणि परमाणु एकाच आकाराचे आहेत असें सांगेल ! यासाठीं सूट ही वस्तूच्या मानानें, शेंकडा किंवा हजारीं अमुक अशी ठेवावी. टांकसाळींत नाण्याच्या वजनास कायद्यानें जी थोडी सूट मिळे ती अशीच नाण्याच्या मानानें असे. पायथॉन भाषेंत २०१५ पासून ‘इज-क्लोज’ नांवाचें एक तयार साधन आहे. तें दोहोंतील मोठ्या संख्येच्या अब्जांशाइतकें अंतर क्षम्य मानतें. वापरणारास तें प्रमाण बदलतांही येतें.

या सापेक्ष सुटीसही एका ठिकाणीं धरबंद राहत नाहीं, तें म्हणजे शून्य. शून्याशीं तुलना केली तर दुसरी संख्या कितीही सूक्ष्म असो, तिच्या अब्जांशाच्या मानानें ती शून्यापासून दूरच राहते. म्हणून जमेंतून खर्च वजा करून ‘बाकी शून्य आहे काय ?’ असें विचारूं नये; जमा आणि खर्च यांचीच परस्पर तुलना करावी. शून्याशीं गांठ टाळतांच येत नसेल तर तेवढ्यापुरती एक ठराविक, निरपेक्ष सूट वेगळी द्यावी.

परंतु ती द्यावयाची किती ? येथें संगणकशास्त्र मुकें होतें, आणि तसें तें झालेंच पाहिजे. एक उदाहरण पंचांगाचें घेऊं. चंद्र आणि सूर्य यांच्यांतील अंतर बारा-बारा अंशांनीं वाढलें कीं एकेक तिथि संपते. १०८ पासून १२० अंशांपर्यंत शुद्ध दशमी, १२० पासून १३२ पर्यंत एकादशी. समजा सूर्योदयीं हें अंतर १२० अंशांच्या अगदीं काठावर आहे. प्रोग्रॅम विचारतो, १२० पुरे झाले काय ? ‘होय’ म्हटलें तर एकादशी, ‘नाहीं’ म्हटलें तर दशमी. उपवास आज कीं उद्यां, हें त्या एका तुलनेवर ठरतें. हें अंतर सेकंदास सरासरी अर्धी विकला वाढतें. यंत्राच्या तोडीमुळें येणारी चूक, ती हजार पट सांठली असें धरलें तरी, सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या पलीकडे जात नाहीं. तेव्हां यंत्राच्या चुकीपुरती सूट ठेवावयाची तर ती नगण्य आहे. परंतु सूर्योदय म्हणजे कोणता क्षण ? सूर्यबिंबाची वरची कड दिसली तो, कीं मध्य क्षितिजावर आला तो ? मुंबईस या दोहोंत मिनिटाहून थोडें अधिक अंतर पडतें. वातावरणानें किरण वांकतात ते क्षितिजापाशीं सुमारें ३४ कलांनीं, आणि तेंही हवेप्रमाणें बदलतें. शिवाय सूर्योदय मुंबईचा कीं सोलापूरचा ? नुसत्या रेखांशांमुळें त्यांत बारा मिनिटांचें अंतर आहे. केरो लक्ष्मण छत्रे आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं जुन्या कोष्टकांचा आकाशाशीं मेळ बसत नाहीं म्हणून दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला, तो याच जातीचा प्रश्न होता : कोष्टक किती अंकांपर्यंत छापलें आहे हें निराळें, आणि तें किती अंकांपर्यंत खरें आहे हें निराळें.

म्हणून अशा ठिकाणीं आम्हांस दोन उत्तरांचा प्रोग्रॅम पसंत नाहीं. त्यानें तीन उत्तरें द्यावीं : पुरे झाले, पुरे झाले नाहींत, आणि ‘काठावर आहे, गणकानें स्वतः पाहावें’. काठ किती रुंद धरावयाचा तें सूर्योदयाची व्याख्या ठरविणाऱ्या ज्योतिष्यानें सांगावें. कळफलकापुढें बसलेल्या मुलानें आपल्या मनानें एक आंकडा ठोकून देऊं नये. पुलाच्या तुळईचें माप असेल तर स्थापत्यविशारदास विचारावें, औषधाची मात्रा असेल तर वैद्यास.

आणखी एक खोंच आहे. खरी समता हातोहात पुढें जाते : राम गोविंदाएवढा, गोविंद माधवाएवढा, तर राम माधवाएवढा. क्षम्य अंतराच्या समतेस हा गुण नाहीं. एका बोटाची सूट ठेवून उंचीप्रमाणें मुलें उभीं करूं लागलां तर प्रत्येक मूल शेजारच्याएवढें ठरतें, आणि पहिल्या व शेवटच्या मुलांत वीतभर अंतर निघतें. त्यामुळें जेथें क्रम लावावयाचा आहे तेथें सूट देणें अन्यायाचें होतें. अभियांत्रिकीच्या जेईई मेन परीक्षेंत २०१९ पासून पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात, तें एका गुणावर अनेकांची गर्दी होऊं नये म्हणूनच. त्या सातव्या स्थळावर कोणाच्या तरी मुलीचा क्रमांक अवलंबून असतो. तेथें ‘जवळजवळ सारखे’ म्हणण्याची सोय नाहीं, आणि तोडलेल्या शेपटीवर निर्णय सोडण्याचीही नाहीं. अशा वेळीं सातही स्थळें धरून एक कोटीनें गुणावें, पूर्णांक करून घ्यावा आणि मग तुलना करावी.

ज्यांस असा गुणाकार करणें नको असेल त्यांच्यासाठीं पायथॉनमध्यें ‘डेसिमल’ नांवाचें निराळें साधन आहे. तें आंकडे दहांच्याच पद्धतीनें सांठवितें, आणि त्यांत ०.१ व ०.२ मिळून ०.३ च होतात. काम थोडें सावकाश होतें, परंतु संस्थेच्या हिशेबास तें पुष्कळ झालें. मात्र आंकडा त्याच्या हातीं देतांना अवतरणचिन्हांत, अक्षरांप्रमाणें लिहून द्यावा लागतो. नुसता लिहिला तर तो आधीं द्विमानांत तोडला जातो, आणि मग ती तोडलेली शेपटीच दशमानांत पन्नासाहून अधिक अंकांपर्यंत मोठ्या इमानानें सांठविली जाते.